सकाळची गोळी

आमच्या घरात तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे होतं. आई बाबांशी बोलत नव्हती, बाबा आईशी बोलत नव्हते, आणि दोघांचं माझ्याशी बोलणं बहुतेक एकमेकांसाठी असायचं. "वर्षा, तुह्या बाबाले सांग, डबा भरला." बाबा तिथंच, हातभर अंतरावर, बुटाचे बंद बांधत बसलेले. मी सांगायचे, "बाबा, डबा भरला." मग बाबा जमिनीकडे बघत म्हणायचे, "तुह्या आईले म्हण, कांदा टाक एखादा." आणि मी आईकडे तोंड वळवायचे. भिलाईच्या स्टील प्लांटचा तो क्वार्टर एवढासा, दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात जामाचं, म्हणजे पेरूचं झाड. एका कोपऱ्यात शिंकलं तर दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू जायचं. निरोप पोचवायची काही गरज नव्हती. तरी मी पोचवायचे, कारण मी नाही पोचवला तर तो कांदा डब्यात पडायचाच नाही.

बाबा प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. रस्त्यावरची नाही, शेडच्या छताखाली रुळांवर चालणारी. वर केबिनमध्ये बाबा एकटे, खाली लालभडक लोखंड, आणि त्या दोघांच्या मधे हात दाखवणारा एक माणूस. खालचा आवाज वर पोचत नाही म्हणून सगळं हातांवर चालायचं. बोट वर म्हणजे उचल, तळवा खाली करून हात आडवा फिरवला म्हणजे थांब. लहानपणी हा आमचा खेळ होता. मी पलंगावर क्रेन व्हायचे, बाबा खालून हात दाखवायचे, आणि मी उशी उचलून त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवायचे. त्यात एक नियम होता, तो त्यांनी मला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. "एका क्रेनले एकच हात. दुसरा हात दिसला का जागच्या जागी थांबाचं, मंग तो मोठा साहेब का असेना." फक्त थांबायचा हात कोणीही दाखवला तरी चालतो, तेवढी एक सूट. अबोला सुरू झाल्यावर बाबा जेवतानाही हेच करायला लागले. भात पुरे झाला की तळवा आडवा. आई मुद्दाम तिकडं बघायची नाही आणि आणखी एक पळी वाढायची. बाबा मुकाट्यानं खायचे.

अबोला कशानं झाला, तर माझ्यानं. मी असं म्हटलं की आई अजूनही चिडते, "काहीबी बोलते," म्हणते. पण झाला तो माझ्यानंच. नववीत असताना माझ्या हातून वस्तू पडायला लागल्या, बोलता बोलता मी मधेच कुठंतरी निघून जायचे आणि परत यायचे तेव्हा समोरचा माणूस माझ्याकडे विचित्र बघत असायचा. आई बाबांना सांगायची, "पोट्टी मधातच हरवते जी, दाखवा एकदा डॉक्टरले." बाबा म्हणायचे, "अभ्यास नको, म्हणून नखरे हायेत तिचे." मग एका दुपारी मी अंगणात धुण्याच्या दगडापाशी पडले. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, साबणाचा वास तेवढा आठवतो. शुद्धीवर आले तेव्हा मी दवाखान्यात होते आणि दाराबाहेर आईचा आवाज येत होता. "मी सांगून राहिली होती ना. किती दिवसापासून सांगून राहिली होती." कोंडीत सापडला की माणूस हाताला लागेल ते उचलतो. बाबा म्हणाले, "तुह्या काकाले बी मिरगी होती म्हणे. मंग हे तुमच्याकडूनच आलं ना." त्यानंतर आईचा आवाज आला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं कित्येक महिने नाही.

डॉक्टरांनी बाबांना समजावून सांगितलं, कारण फॉर्मवर सही बाबांची होती. बाबांनी मला सांगितलं. मी आईला सांगितलं, "आई, बाबा म्हणतात, गोळी सकाळी एक, रात्री एक. एकही वेळ चुकवायची नाही." आई म्हणाली, "बरं." एवढाच निरोप. मी तो अक्षरन्अक्षर पोचवला. गोळी देणार कोण, हे त्यात नव्हतं, आणि ते विचारायला हवं हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज चाळिशी ओलांडून, केसांना मेंदी लावायच्या वयात, मी शाळेच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांचे निरोप घेते आणि प्रत्येकाला एक प्रश्न जास्तीचा विचारते. शिपाई वैतागतो. त्याला काय सांगू.

बाबांची फर्स्ट शिफ्ट असली की ते अंधारातच उठायचे. आई उठून डबा करायची, पण ती स्वयंपाकघरात आणि बाबा आमच्या खोलीत, दार लोटलेलं. स्टोव्हचा भर्र आवाज, पोळीवर तेल सोडल्याचा चुर्र आवाज, आणि लांबून प्लांटची ती कधीच न थांबणारी घरघर, जी आम्हाला शांतता वाटायची. त्यात बाबा माझ्या खाटेवर येऊन बसायचे. डोक्याखाली हात घालून मला उचलायचे. "आ कर." त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास असायचा, कितीही साबण लावला तरी. गोळी जिभेवर, पाण्याचा ग्लास ओठांना, मग डोकं परत उशीवर आणि कपाळावर एकदा तळवा. त्या काळात बाबांनी मला जवळ घेतलं ते एवढंच. नाइट शिफ्ट असली की परत आल्यावर, अंगावर खाकी कपडे तसेच, पुन्हा हेच. मी अर्धवट झोपेत गिळायचे आणि पुन्हा झोपायचे. त्या गोळ्यांनीच झोप एवढी यायची की सकाळी कधी कधी वाटायचं, बाबा आले होते की स्वप्न होतं.

मग साडेसात-आठला आई उठवायची. तांदळाच्या पिठाचा चिला, टमाट्याची चटणी, आणि बशीच्या काठावर गोळी. आईनं ती जागा ठरवूनच टाकली होती, चटणीला लागू नये अशी. मी गोळी गिळेपर्यंत ती समोर बसून राहायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. रात्रीची गोळी जेवणानंतर आईच द्यायची. बाबा दवाखान्यातून गोळ्या आणून फ्रिजवरच्या डब्यात ठेवायचे, पण एक पाकीट स्वतःच्या पिशवीत ठेवायचे, पहाटे डब्याचा आवाज होऊ नये म्हणून. डब्यातल्या कमी वाटल्या तर आईनं बाबांना विचारायचं होतं, आणि विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. म्हणून ती साड्यांना फॉल लावून जमवलेल्या पैशांतून सिविक सेंटरच्या बाजारातल्या मेडिकलमधून स्वतःच आणायची. दोघांनाही गोळ्या पुरत होत्या. कमी पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला हे कळत होतं का, असा प्रश्न मी स्वतःला खूप विचारलाय. सकाळी दोनदा गोळी मिळते हे माहीत होतं. पण एक सकाळी म्हणजे काय आणि पहाट सकाळीत धरायची की नाही, असा हिशेब माझं गुंगलेलं डोकं करत नव्हतं. मोठी माणसं देतात, आपण घ्यायचं. पण खरं सांगू, आणखी एक होतं. चिला खाताना मी जर म्हटलं असतं की बाबांनी मघाशी दिली, तर आईचा चेहरा कसा झाला असता ते मला दिसत होतं. त्या घरात एकाचं नाव दुसऱ्यासमोर घ्यायचं तर ते फक्त कांद्यासाठी घ्यायचं, अशी माझी समजूत झाली होती.

पावसाळ्यात मला जमीन हलकी लागायला लागली. पाय टाकला की तो ठरवलेल्या जागी पडायचा नाही, थोडा पुढं नाहीतर बाजूला. वळताना तोल जायचा. जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसायच्या आणि त्यातली खरी कुठली ते पायालाच शोधावं लागायचं. सायकल बंद झाली. वहीतली अक्षरं रांग सोडून चढायला लागली. हिरड्या सुजल्या, दात घासले की रक्त यायचं. जीभ जड झाली. निरोप सांगताना शब्द ओढले जायचे, "बाऽबा, डब्बाऽ," आणि बाबा पटकन मान फिरवायचे. घरात मी भिंतीला बोटं लावून चालायचे. खोलीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत चुन्याच्या भिंतीवर माझ्या बोटांची मळकी रेघ उमटली. आई ती ओल्या फडक्यानं पुसायची, दोन दिवसांत ती पुन्हा व्हायची. एकदा मी बाबांना त्या रेघेसमोर उभं असलेलं पाहिलं. त्यांनी स्वतःची बोटं त्या रेघेवर ठेवून पाहिली, आणि मी बघतेय हे कळल्यावर खिशात हात घातला.

दोघांनाही वाटलं, आजार वाढला. आईला तर खात्रीच झाली की तो काकांच्या रक्तातूनच आला, बाबा म्हणाले ते खरंच होतं. हे तिनं मला पुढं फार वर्षांनी सांगितलं, शेंगा सोलताना, सहज बोलल्यासारखं. आणि आजार वाढला म्हटल्यावर दोघं गोळीला जास्त जपायला लागले. आई चिला होण्याच्या आधीच गोळी बशीत ठेवायची. बाबा मला जास्त वेळ उठवून बसवायचे, तोंड उघडून जिभेखाली बघायचे, गिळली ना म्हणून. बाबांची सेकंड शिफ्ट असली की ते सकाळी झोपलेले असायचे, तेवढ्यापुरतं आई बघत असेल असं धरून, आणि तो आठवडा सरता सरता मी जरा सरळ चालायचे. आई त्याचं श्रेय सोमवारच्या उपासाला द्यायची. मग पुन्हा फर्स्ट शिफ्ट लागायची, मी पुन्हा झोकांड्या खायचे, आणि आई आणखी एक वार धरायची. त्या वर्षात आई किती बारीक झाली.

बाहेर मात्र कोणाला सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. हे एक असं होतं की त्यावर दोघांचं न बोलताच एकमत होतं. मुलीची जात, पुढं लग्न व्हायचं, मिरगीचं नाव निघालं तर भंडाऱ्यापासून भिलाईपर्यंत समाजात पसरेल. म्हणून आई सगळ्यांना सांगायची, "रक्त कमी हाय तिच्यात." बायका गूळ-दाणे सांगायच्या, पालक सांगायच्या. मागल्या ओळीतल्या काकू तर घरी बीट आणून द्यायच्या. कॉलनीतली मुलं माझ्या मागून माझ्यासारखं चालायची, ते मला पाठीला कळायचं.

भुलाबाईचे दिवस आले. विदर्भातून आलेल्या आमच्या घरांनी हा सण भिलाईला बरोबर आणला होता. मातीची भुलाबाई मांडायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते डबा हलवून, वास घेऊन ओळखायचं. टिपऱ्यांमध्ये माझी जोडी छायाशी. छाया म्हणजे मागल्या ओळीतल्या बीटवाल्या काकूंची मुलगी, माझ्याच वर्गातली. लहानपणापासून आम्ही दोघी समोरासमोर खेळत आलेलो, डोळे मिटूनही तिची टिपरी कुठं येणार ते मला माहीत असायचं. त्या वर्षी मी जाणार नाही म्हटलं. आईनं वेणी घातली, पावडर लावली आणि म्हणाली, "नाही गेली तं लोक इचारतीन. जाय, कोपऱ्यात उभी राय." त्या दिवशी खिरापत आमच्याकडची होती. आईनं ठेठरी केली होती, शेजारच्या छत्तीसगढी मावशीकडून शिकून, बेसनाची, खुसखुशीत. आमच्या पोरींपैकी कोणालाच ओळखता येणार नाही म्हणून ती सकाळपासून मनातल्या मनात खूश होती. फार दिवसांनी मी तिला खूश बघितलं होतं.

आधी छायाच्या घरी गाणी सुरू झाली, शेवटी आमच्याकडे यायचं होतं. मी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. छायानंच मला ओढलं. "ये ना वो. तुह्याशिवाय ताल जमूनच नाही राहिला." तिनं टिपऱ्या माझ्या हातात दिल्या. पहिल्या गाण्यात मी फक्त हवेत हात हलवत राहिले. दुसऱ्या गाण्याला वेग वाढला, पोरी हसायला लागल्या, आणि मला वाटलं, हात ओळखतात, हातांना सवय आहे. छायाची टिपरी पुढं आली. मला दोन दिसल्या. मी डावीकडची खरी धरली आणि जोरात मारली. ती खरी नव्हती. माझी टिपरी छायाच्या भुवईवर बसली. तो आवाज लाकडावर लाकूड बसल्यासारखा नव्हता, म्हणून गाणं एकदम थांबलं. छायानं चेहऱ्यावर हात धरला आणि बोटांच्या फटीतून रक्त आलं.

काकू धावल्या. "डोळा गेला माह्या पोरीचा," म्हणाल्या. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाही जमत तं येते कावून? नशा-बिशा करते का ही पोट्टी?" सगळ्या बायका आईकडे बघायला लागल्या. खरं एक वाक्य बोलायचं होतं. आईला ते बोलता येईना. तिनं माझ्या तोंडात मारली. जोरात नव्हती, आता सांगते, अजिबात जोरात नव्हती. पण मी आडवी पडले, आणि उठायला गेले तर हात एकीकडे, पाय एकीकडे, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा गुडघ्यावर आले तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. त्या बायकांना तेव्हा कळलं की रक्त कमी असण्यानं माणूस असा पडत नाही. आईलाही तेव्हाच कळलं असेल. तिचा हात पुन्हा वर गेला होता, मारायला की मला धरायला, ते तिलाही सांगता येणार नाही. दारात बाबा उभे होते. आमच्या पायरीवर बसून गाणी ऐकत असणार, गाणं थांबलं म्हणून आले असणार. त्यांनी हात लांब केला, तळवा खाली, आडवा. आईनं तो पाहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्यांचा हात पाहिला आणि स्वतःचा खाली घेतला.

छायाला तिचे वडील टाके घालायला घेऊन गेले. आम्ही तिघं बाबांच्या स्कूटरवर, मी दोघांच्या मधे, पुढं बाबांचा घामेजलेला सदरा आणि मागं आईच्या छातीची धडधड. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला फरशीच्या रेघेवर पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं, मला जमलं नाही. माझं बोट माझ्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं, माझं बोट त्यांच्या बोटाच्या आजूबाजूला फिरत राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर पेन हलवत त्यांनी बराच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "दवा कौन देता है इसको?"

"मैं," बाबा म्हणाले.

"मैं," आई म्हणाली.

दोघं एकदमच म्हणाले. डॉक्टरांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आईकडे. "सुबह वाली कौन देता है?"

"मैं," बाबा म्हणाले. आईनं मान हळूच बाबांकडे फिरवली. मग माझ्याकडे न बघता, मला मधे न घेता, ती सरळ त्यांना म्हणाली, "तुमी केव्हा देता जी?"

"शिफ्टले जायच्या आंधी. झोपीतच देतो."

"मी आठ वाजता देतो ना. चिल्यासंग."

बाबांचं तोंड उघडं राहिलं. "तू बी देत होती?"

"मंग मी नाही देणार तं कोण देईन?"

अबोला तिथं संपला. मी टेबलावर बसून पाय हलवत होते, आणि मला आठवतं, मला आनंद झाला. डॉक्टर रक्ताची तपासणी लिहीत होते, सांगत होते की बीमारी बढ़ी नहीं है, दवा शरीर में ज़्यादा हो गई है, आणि मी मनात म्हणत होते, बोलले, दोघं बोलले. आता मला निरोप सांगायला नकोत. एवढी खुळी होते मी.

मला दोन-चार दिवस ठेवून घेतलं. पहिल्या संध्याकाळी दाराबाहेर पुन्हा आवाज आले. तोच व्हरांडा होता की दुसरा, आठवत नाही, पण मी तशीच पडून ऐकत होते. आई म्हणत होती, "मी पोरीले मारलं. चारचौघांत मारलं." बाबा म्हणत होते, "मी तं झोपीतून उठवून उठवून देल्ली. तोंड उघडून पाहत होतो गिळली का म्हणून." आई म्हणाली, "मी एकदा तरी इचाराले पायजे होतं." मग बाबांचा आवाज आला, आणि तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "प्लांटात दोघांचे हात दिसले का मी क्रेन जागच्या जागी थांबवतो. इतक्या वर्षात एकबी डाव चुकलो नाही. अन् घरी लेकरू लटकून होतं वरतं." नंतर ते रडत होते. पहिल्या वेळी दोघं दोष एकमेकांवर टाकत होते, तेव्हा घर तापलेलं होतं पण हलकं होतं. आता दोघं दोष आपापल्या अंगावर ओढत होते आणि एकजणही दुसऱ्याला द्यायला तयार नव्हता. मला वाटलं, यापेक्षा भांडण बरं होतं. आणि थांबायचा हात कोणीही दाखवू शकतो ही सूट मलाही होती, हे तेव्हा त्या खाटेवर पडल्या पडल्या पहिल्यांदा मनात आलं, ते अजून गेलेलं नाही.

घरी आलो तेव्हा ठेठरीचा डबा ओट्यावर तसाच होता, न उघडलेला, न ओळखलेला. तेलाचा वास लागला होता. आईनं ती टाकली नाही, आम्ही तिघांनी बसून ती खवट ठेठरी संपवली. मी सुधारले. अक्षर रांगेत आलं, जीभ सुटली, एका पायरीच्या दोन दिसायच्या थांबल्या. सगळं मात्र परत आलं नाही. अंधारात अजून मला भिंत लागते. डोळे मिटून तोंड धुताना मी अजून एका हातानं बेसिन धरते. छायाच्या भुवईत एक फट राहिली. ती दुर्गला सासरी आहे, सिविक सेंटरला भेटलो की पाणीपुरी खाता खाता बोट दाखवते, "तुह्यामुळं मले जलमभर पेन्सिल लावा लागते." आणि हसते. मीही हसते. घरी येईपर्यंत ती भुवई माझ्यासोबत येते.

गोळी मात्र त्यानंतर दोघांपैकी कोणी दिली नाही. बाबांनी पिशवीतलं पाकीट आईसमोर ठेवलं. आईनं ते आणि स्वतःकडचं, दोन्ही एका डब्यात घालून तो डबा माझ्या हातात दिला. "तुह्या हातानं घेत जाय." मी रडले. मला वाटलं, मला शिक्षा झाली. पहाटे बाबा खाटेपाशी यायचे, उभे राहायचे, पण बसायचे नाहीत. विचारायचे, "घेशीन ना?" मी हो म्हणायचे. ते कपाळावर हातही न ठेवता निघून जायचे, जसं काही त्या हातालाच काही लागलेलं होतं. मला त्यांना सांगायचं होतं की मला तो ग्रीसचा वास आवडायचा. सांगितलं नाही. त्यांना ते ऐकवलं असतं का, अजूनही ठरवता येत नाही.

बाबा रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडला, दुर्गच्या बोरसीला लहानसं घर बांधलं. मी लग्न केलं नाही. त्यात त्या वर्षाचा हात किती आणि माझ्या स्वभावाचा किती, यावर आमच्या घरात बोलत नाहीत. आईनं घर बांधताना मिस्त्रीला सांगून खोलीपासून न्हाणीपर्यंत भिंतीला कठडा लावून घेतला. कोणा पाहुण्यानं विचारलं तर म्हणते, "म्हातारपणी आमाले लागते." मी आईसमोर त्या कठड्याला हात लावत नाही. ती स्वयंपाकघरात गेली की लावते. तिला ते माहीत आहे, म्हणून ती कठड्याच्या बाजूला फारशी बघतच नाही.

अलीकडे बाबा विसरायला लागलेत. सेवेतली सगळी वर्षं त्यांच्यात उलटी चालू झालीत. पहाटे उठतात, बूट शोधतात, फर्स्ट शिफ्ट आहे म्हणतात. आम्ही भांडत नाही, थोडं फिरवून परत आणतो. गेल्या महिन्यात एक दिवस अशाच पहाटे माझ्या पलंगाची कड दबली. माझ्या डोक्याखाली हात आला. मला उचलायची ताकद त्यात नव्हती, म्हणून मी स्वतःच उठून बसले. "आ कर," बाबा म्हणाले. त्यांच्या चिमटीत काही नव्हतं. दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास होता, अर्धा सांडलेला. मी आ केलं. त्यांनी ती रिकामी चिमूट माझ्या जिभेवर सोडली. बोटांना आता कशाचाच वास नव्हता. मी पाणी प्याले.

ग्लास परत घेता घेता ते थबकले. मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिले, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता यांना सगळं आठवलं. आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "तुह्या आईनं तं नाही देल्ली ना?"

मी दाराकडे बघितलं. स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता, आई जागीच होती, सगळं ऐकत होती. तिकडून तिचा आवाज आला.

"नाही देल्ली जी मी. तुमीच द्या."

बाबांनी मान हलवली. मग माझ्या कपाळावर तळवा ठेवला.